रोषणाईची माळ घेताना आधी जागा बघा, बल्ब नंतर मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सण जवळ आले की तुमच्या पुरवणीत घराघरांतल्या रोषणाईचे फोटो येतात, छान असतात, बघायला मजा येते, पण फोटोखाली जो मजकूर असतो तो दरवर्षी साधारण तोच. एलईडी वापरा, वीज वाचवा, आणि मग कुठला रंग कुठल्या भिंतीला शोभतो त्याच्या चार ओळी. अहो पण आता दुकानात एलईडी नसलेली माळ शोधून काढावी लागते, मग एलईडी घ्या हे सांगून वाचकाच्या हातात काय पडलं? खरे प्रश्न त्याच्या पुढचे आहेत. कुठली एलईडी, लावायची कुठे, चालणार कशावर, आणि बंद पडली तर दुरुस्त होणार का सरळ कचऱ्यात. यावर कुणी धड लिहीत नाही म्हणून हे पत्र, लांबलंय याची कल्पना आहे, कात्री लावायची तर रंगांच्या भागाला लावा पण पाण्याचा आणि विजेचा भाग तेवढा ठेवा.

आमच्या घरात लाइटिंगचं खातं माझ्याकडे आहे. म्हणजे माळा काढायच्या, गुंता सोडवायचा, कुठली चालते कुठली नाही ते बघायचं, स्टुलावर चढायचं, आणि सण संपला की सगळे विसरतात तेव्हा उतरवायचं पण मीच. त्यामुळे खोक्यावर काय छापलेलं असतं आणि भिंतीवर गेल्यावर काय होतं यातला फरक मला चांगला ठाऊक आहे.

आधी जुन्या बारीक बल्बच्या माळेबद्दल, कारण तिला आता सगळे शिव्या घालतात आणि त्यातल्या अर्ध्याच खऱ्या आहेत. ही माळ म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले बल्ब. पुरवठा 230 व्होल्टचा आणि बल्ब शंभर असले तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात 2.3 व्होल्ट. मग एक गेला की सगळी माळ विझायला पाहिजे ना, आणि खूप जुन्या माळा विझायच्याच, एकेक बल्ब काढून घालून शोधत बसायला लागायचं. नंतरच्या माळांत एक युक्ती आली. बल्ब डोळ्याजवळ धरून बघा, आत फिलॅमेंटच्या (म्हणजे पेटणाऱ्या तारेच्या) दोन पायांना खालच्या बाजूला केसासारखी बारीक तार गुंडाळलेली दिसेल. तिच्यावर ऑक्साइडचा थर असतो म्हणून एरवी तिच्यातून करंट जात नाही. फिलॅमेंट तुटलं की माळेचा सगळा व्होल्टेज त्या एका बल्बवर येतो, तो थर फुटतो आणि करंट त्या बारीक तारेतून पुढे जातो. तेवढा एक बल्ब विझतो, बाकीची माळ चालू. (बल्ब होल्डरमधून सैल झाला किंवा काढला तर मात्र सगळीच विझणार, कारण ती तार बल्बच्या आत आहे, होल्डरमध्ये नाही. लोक चालू माळेतला बल्ब उपटतात आणि मग माळ गेली म्हणून फेकून देतात.)

पण गोम अशी आहे की एक विझला की तेच 230 व्होल्ट आता 99 जणांत वाटले जातात. सगळे किंचित जास्त उजळ, किंचित जास्त गरम, म्हणून दुसरा लवकर जातो, मग तिसरा अजून लवकर, आणि लक्षात येईपर्यंत माळ नेहमीपेक्षा जास्त झगमगत असते आणि आपण खूश की वा काय उजेड आहे. सोबत दिलेले जादा बल्ब ड्रॉवरमध्ये जपून ठेवण्यासाठी नसतात, पहिला बल्ब विझला त्याच दिवशी बदलायचे असतात. आणि त्या जादा बल्बांत एखाद्याचं टोक लाल रंगवलेलं असतं, तो साधा नाही हां. त्याच्या आत दोन धातूंची पट्टी असते, तापली की वाकते आणि सर्किट तोडते, गार झाली की परत जोडते, म्हणून तो एक लावला की सगळी माळ उघडझाप करायला लागते. नको असेल तर लावू नका, एवढंच.

जुन्या माळेचा खरा दोष उष्णता. टंगस्टनच्या तारेत घातलेल्या विजेतला अगदी थोडा भाग, पाचेक टक्के, उजेड होऊन बाहेर येतो, बाकी सगळी ऊब. शंभर बारीक बल्बची माळ साधारण 40 वॅट खाते, तेवढ्याच एलईडी 5 ते 10 वॅटमध्ये होतात. एकच माळ असेल तर रोज सहा तास लावून पाव युनिटच्या आत काम होतं, त्यात बिल काही आभाळाला भिडत नाही. पण गच्चीच्या कडेला लावतात ते मोठे, लिंबाएवढे बल्ब जुन्या प्रकारचे असले तर एकेक 5 ते 7 वॅटचा, त्यातल्या 25 बल्बची माळ 175 वॅटपर्यंत जाते, अशा चार जोडल्या की 700 वॅट, आणि हात लावलात तर चटका. असल्या माळा पडद्याला, कागदाच्या सजावटीला, वाळलेल्या फुलांना चिकटवून लावायच्याच नाहीत. इथे एलईडीला पर्याय नाही, माझा पूर्ण पाठिंबा. आतल्या एका कोपऱ्यात मात्र, समोर कोणी बसलं असताना, जुन्या माळेचा जो मऊसर उजेड पडतो तो अजून मला आवडतो, आणि घरात चालू स्थितीतली असेल, वायर कडक झालेली नसेल, तर एलईडी आली म्हणून ती मुद्दाम फेकायचं कारण नाही. वापरात आहे ती वापरा.

आता एलईडी. लाल एलईडी 1962 मध्ये झाली, पण निळी, तीसुद्धा चांगली झळझळीत, यायला 1990 च्या दशकापर्यंत वाट बघावी लागली. त्या निळ्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. हे मी ज्ञान पाजळायला सांगत नाहीये, याचा आपल्या माळेशी सरळ संबंध आहे. आपण पांढरी माळ म्हणून घेतो ती आतून निळीच असते. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडातला काही भाग पिवळा करणाऱ्या पावडरीचा, थर दिलेला असतो, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. थर कमी, हलका किंवा कमीजास्त झाला की उजेड निळसर, मेल्यासारखा दिसतो. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरसारखं दिसतंय असं लोक म्हणतात ना, ते याच्यामुळे.

म्हणून खोक्यावर केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाची छटा सांगणारा, आकडा शोधा. 2700 च्या आसपास म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर उबदार, 4000 मधला, 6000-6500 म्हणजे कडक पांढरा. नुसतं वॉर्म व्हाइट लिहिलंय यावर जाऊ नका, कारण एका कंपनीचा वॉर्म व्हाइट मधासारखा आणि दुसऱ्याचा गुलाबीकडे झुकणारा, दोन्ही शेजारी लावले की तिसऱ्या मजल्यावरूनसुद्धा फरक कळतो. एकाच कठड्याला जेवढी माळ लागणार तेवढी एकदम घ्या, एकाच लॉटची, वर एक जादा. पुढच्या वर्षी तीच माळ मागायला गेलात तर तोच रंग मिळेल याची काही खात्री नाही. बाहेर लावायची असेल तर वॉर्मच घ्या असं मी म्हणेन, दिसायला बरी हे एक, आणि दुसरं म्हणजे निळसर उजेडावर किडे जास्त येतात. खिडकीबाहेर कडक पांढरी माळ लावून खिडकी उघडी ठेवलीत तर तुम्हालाच कळेल.

रंगीत माळेत एलईडी सरळ जिंकते. जुन्या माळेत बल्ब पिवळाच आणि वरून काचेला रंग, म्हणजे उजेड गाळून घ्यायचा. टंगस्टनच्या उजेडात निळा मुळात कमी, त्यामुळे निळा बल्ब कायम मलूल, आणि काही सणांनी रंगाचे पापुद्रे निघतात. एलईडीत रंग चिपमधूनच येतो. हिरवा हिरवा दिसतो, निळा तर इतका टोचतो की मला वाटतं निळ्या माळा जरा कमीच लावाव्यात, पण ही आवडीची गोष्ट झाली.

आता थरथर. हा मुद्दा मी कुठल्याही लेखात वाचलेला नाही आणि लोकांना त्रास नेमका याचाच होतो, फक्त कशाचा होतोय ते कळत नाही. स्वस्तातली एलईडी माळ सरळ घरच्या एसी करंटवर चालते. एसी सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होतो, एलईडी फक्त एकाच दिशेने पेटते, म्हणजे अर्धा वेळ ती बंद. सेकंदाला 50 वेळा चालू-बंद. सरळ बघितलं तर कळत नाही पण मान वळवली किंवा बाजूने चालत गेलं की उजेडाची रेघ न दिसता ठिपके ठिपके दिसतात, आणि काही जणांचं डोकं दुखतं. बऱ्या माळेत रेक्टिफायर असतो, म्हणजे उलटा येणारा करंटही सरळ दिशेला वळवणारा भाग, त्यात हे सेकंदाला 100 वेळा होतं आणि त्रास खूप कमी होतो. डीसी (एकाच दिशेच्या करंटच्या) अडॅप्टरवर स्थिर लावलेली माळ तर बहुतेक वेळा थरथरतच नाही. परीक्षा सोपी आहे. दुकानात माळ लावायला सांगा, हातात धरून जरा जोरात हलवा, उजेडाचे तुकडे दिसले की खाली ठेवा. नाहीतर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दहा सेकंद व्हिडिओ काढा, सगळं उघडं पडतं. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे.

आणि ते आठ मोड! काळी किंवा पारदर्शक डबी, त्यावर एकच बटन, त्यात लाटा, पाठलाग, हळूहळू विझणं, चकमक, आणि सगळ्यात शेवटी आपल्याला हवी असलेली एकमेव गोष्ट म्हणजे गपचूप पेटून राहणं. बऱ्याच डब्यांना स्मरण नसतं. लाइट गेला किंवा टायमरने बंद होऊन परत चालू झाली की पुन्हा पहिल्यापासून तमाशा सुरू, रोज संध्याकाळी कुणीतरी उठून बटन दाबत बसायचं, एक दाब जास्त झाला की परत आख्खी फेरी. टायमर लावायचा विचार असेल तर आधी विचारा की मोड लक्षात ठेवते का, आणि समोरच प्लग काढून परत घालून बघा. मला विचाराल तर बेडरूमच्या समोर येणाऱ्या खिडकीत चकमकणारी माळ लावणाऱ्याला आधी एक रात्र त्या बेडरूममध्ये झोपायला लावावं.

आता मुख्य, चालते कशावर. इथे तुम्ही जागा बघायला पाहिजे. सरळ मेनवर चालणारी माळ म्हणजे संपूर्ण लांबीभर घरचा व्होल्टेज. एलईडी आहे, हाताला गार लागते, म्हणून ती सुरक्षित असं अजिबात नाही हो, गार असणं आणि शॉक न बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोखंडी ग्रिलला अशी माळ करकचून बांधली, ग्रिलच्या धारदार कडेवर वायर घासली, इन्सुलेशन सोललं, की ग्रिलमध्येच करंट, आणि मग पावसाची एक सर पुरते. बाहेर, ग्रिलला, झाडाला, जिथे लहान मुलांचा हात पोचतो तिथे अडॅप्टरवाली कमी व्होल्टेजची माळच घ्या, 12, 24 किंवा 31 व्होल्टच्या मिळतात. आणि घराच्या बोर्डावर 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, आहे का हे एकदा बघून घ्या, त्याचं टेस्ट बटन दाबून बघा, खाली पडतो का. बरेच जण ते बटन आयुष्यात एकदाही दाबत नाहीत.

यूएसबीवर चालणाऱ्या 5 व्होल्टच्या बारीक तांब्याच्या तारेच्या माळा आता सगळीकडे दिसतात, बाटलीत घाला, फडताळावर पसरा, फोटोभोवती गुंडाळा, आतल्या कामाला मस्त. फक्त ती तार उघडी नसते, तिच्यावर पातळ इनॅमल असतं, सारखी दुमडली किंवा टोकदार कडेवर ओढली की ते खरवडतं आणि दोन तारा टेकल्या की पुढची सगळी माळ अंधारात. मोठ्या लांबीत तर यांचं काही खरं नाही. 5 व्होल्टच्या लांब रंगीत पट्टीत शेवटपर्यंत जाता जाता व्होल्टेज पडतो. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला 3 च्या आसपास लागतात, म्हणून टोकाला आधी निळा आणि हिरवा मंदावतात आणि पांढरं ठेवलेलं शेवटी तांबूस होतं. लोकांना वाटतं माल खराब निघाला. माल ठीक असतो, लांबी जास्त असते. लांब पल्ल्याला 12 किंवा 24 व्होल्ट घ्या, नाहीतर दुसऱ्या टोकालाही पुरवठा जोडा.

सेलवाल्या माळा टेबलावरच्या सजावटीला ठीक, जिथे प्लग नाही तिथे. पण नाण्यासारख्या बटन सेलवर चालणाऱ्या छोट्या माळा घरात लहान मूल असेल तर आणूच नका. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत दोनेक तासांत जखम करू शकतो, आणि त्या डबीचं झाकण बऱ्याचदा स्क्रूशिवाय नुसतं सरकवायचं असतं. याच्यावर मी चर्चा करणार नाही.

सोलर माळ? कुंडीतल्या झाडाला, अंगणाच्या टोकाला, जिथे वायर नेणं म्हणजे कटकट, तिथे लावा. पण छोट्याशा पॅनेलवर दिवसभर सावली असेल तर संध्याकाळी तासाभरात डोळे मिटणार. पॅनेल उन्हाकडे वळवा, धूळ पुसा, आणि आतला रिचार्ज होणारा सेल दोन-तीन वर्षांनी बदलता येतो, माळ फेकायची गरज नसते. पॅनेलच्या अगदी वर दुसरा दिवा असेल तर ती पेटतच नाही, तिला वाटतं अजून दिवस आहे.

पाण्याचं सांगते, हे प्लीज छापा. खोक्यावर आयपी आणि त्यापुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. 20 म्हणजे पाण्यापासून संरक्षण शून्य, फक्त घरात. 44 म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे चालतील. 65 म्हणजे पाइपने मारलेला पाण्याचा फवारा सोसेल. 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी. आता यात लबाडी कुठे होते बघा, खोक्यावर मोठ्या अक्षरात 65 लिहिलेलं असतं ते माळेचं, आणि अडॅप्टरवर बारीक अक्षरात 20. म्हणजे माळ पावसात नाचेल आणि अडॅप्टर पहिल्या सरीत जाईल. ती मोडची डबी पण तशीच. त्यामुळे तिन्ही गोष्टींवरचे आकडे वेगवेगळे वाचा. अडॅप्टर आणि जोड छपराखाली ठेवा, जमिनीवर नको, आणि प्लगकडे जाणाऱ्या वायरला प्लगच्या खाली थोडी झोळ ठेवा म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळीच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. जोडाला प्लास्टिकची पिशवी करकचून बांधतात ते तर उलटं काम, आत वाफ धरते आणि पाणी बाहेर पडायला वाट नसते.

जागेप्रमाणे आकार निवडायचं फार अवघड नाही. छताची किंवा गच्चीची कड लांबून बघायची असते, तिथे मोठे आणि विरळ बल्ब, बारीक माळ लांबून नुसती धूसर दिसते. कठड्याला पाइपमधली रोप लाइट नीटनेटकी दिसते पण तिला वाटेल तिथे कापू नका, तिच्यावर कात्रीची खूण असते तिथेच कापायची आणि टोकाला टोपी बसवायची. आणि रोप लाइट भेंडोळ्यात गुंडाळलेली असताना चालू करून ठेवू नये, जुन्या बल्बवाली तर अजिबात नाही, आतल्या आत तापते. खिडकीला पडद्यासारख्या लोंबत्या सरी छान दिसतात, पण उतरवताना त्यांचा जो गुंता होतो त्याला तोड नाही, वरच्या पट्टीला एक काठी बांधून काठीसकट गुंडाळलं तर पुढच्या वर्षी मला दुवा द्याल. झुडपावर जाळीची माळ टाकली की दोन मिनिटांत काम होतं. झाडाच्या बुंध्याला गुंडाळायची तर सैल, आणि वर्षानुवर्षं तशीच सोडून देऊ नका, खोड वाढतं आणि वायर सालीत रुतते. खिळा किंवा स्टेपल वायरमधून मारणाऱ्यांना काय बोलावं, क्लिपा मिळतात, चिकट हुक मिळतात.

पट्टी म्हणजे स्ट्रिप लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, नुसती चिकटवली की ठिपके डोळ्यात घुसतात. ती कडेच्या मागे लपवा, भिंतीवर पडलेला उजेड बघायचा असतो, पट्टी नाही. नाहीतर दुधी झाकण असलेल्या ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा, त्याने ती गारही राहते.

मोबाइल ॲपवाल्या स्मार्ट माळा, ज्यात प्रत्येक दिवा वेगळा रंग दाखवतो, त्यांची मजा मी नाकारत नाही, मुलं तासन्‌तास खेळतात. पण घेण्याआधी एवढं विचारा की ॲप किंवा इंटरनेट नसताना साध्या बटनाने चालते का. कंपनीने सर्व्हर बंद केला की अंगात दम असलेली माळ नुसती वायर होऊन बसते. यातल्या बऱ्याचशा 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवरच जोडल्या जातात, तेही आधीच बघा, नाहीतर सणाच्या संध्याकाळी राउटरशी भांडत बसाल. आणि लेझरचे प्रोजेक्टर, भिंतीवर हजार ठिपके टाकणारे. काम सोपं होतं खरं, ना शिडी ना माळ, पण तो आकाशाकडे किंवा रस्त्याकडे रोखायचा नाही. वर विमान उडवणाऱ्याच्या आणि खाली गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत किरण जातो. घराच्या भिंतीबाहेर एक ठिपका जाता कामा नये, तेवढा कोन साधत नसेल तर परत खोक्यात घाला.

दुरुस्तीचं राहिलं, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. एलईडी 25,000 तास चालते असं खोक्यावर असतं. चालत असेलही, रोज सहा तास आणि वर्षाचे पंधरा-वीस दिवस धरले तर ती माझ्या नातवंडांनाही पुरेल. पण माळ मरते ती एलईडीमुळे नाही. मरते ती डाग दिलेला सांधा सुटल्यामुळे, पाणी शिरून पाय गंजल्यामुळे, नाहीतर अडॅप्टर गेल्यामुळे. माळ दोन-तीन गटांत जोडलेली असते, म्हणून एक सांधा सुटला की बरोब्बर मधला तिसरा हिस्सा काळा होतो आणि बाकी छान चालू. जुन्या माळेत बल्ब बदलता यायचा, आता बहुतेकांत दिवा होल्डरमध्ये कायमचा बंद केलेला, उघडायची सोयच नाही. आणि अडॅप्टर गेला तर तसाच दुसरा मिळत नाही कारण त्या माळेची पिन स्वतःची वेगळीच. (दुसरा मिळालाच तर व्होल्ट तंतोतंत तेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि प्लस-मायनस जुळायला हवं, नुसती पिन बसली म्हणून घालू नका.) दिवे बदलता येणारी एलईडी माळ मिळते, शोधावी लागते, मी तीच घ्यायला सांगते. एकात एक जोडायच्या तर किती जोडता येतील हे लेबलवर असतं ते पाळा, आणि जुन्या बल्बची आणि एलईडीची माळ एकमेकींना जोडू नका, दोघींच्या करंटचा हिशेबच वेगळा, एलईडीवालीची वायर बारीक असते.

खोक्यावर काय छापावं याची माझी मागणी छोटी आहे. लांबी लिहितात ती प्लगपासून शेवटपर्यंतची, त्यात दीड-दोन मीटर नुसती वायर असते, म्हणजे दहा मीटरची माळ कठड्यावर आठच मीटर भरते. उजेडाची लांबी वेगळी छापा, दोन दिव्यांतलं अंतर छापा, केल्विन छापा, माळेचा आणि अडॅप्टरचा आयपी वेगवेगळा छापा, मोड लक्षात राहतो का ते छापा. प्रकाशमाळांसाठी आयईसी 60598-2-20 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते पाळलंय असं लिहिलेलं असेल तर ग्राहकाला विचारायला काहीतरी आधार मिळतो, आणि कुठलंच चिन्ह नाही, कंपनीचं नावसुद्धा नाही, असं खोकं कितीही सुंदर असलं तरी घरी आणू नये.

कंपन्या माझं ऐकणार नाहीत, तुमचं कदाचित ऐकतील. पुढच्या सणाच्या पुरवणीत फोटोंच्या पानावर अर्धा कॉलम द्या, चार-पाच प्रकारच्या माळा आणून त्या हलवून, भिजवून, प्लग काढून परत घालून बघा आणि जे दिसेल ते छापा. जाहिरातदार नाराज होतील हे मला समजतं, तरी बघा जमतंय का. माणूस कमी पडत असेल तर स्टुलावर चढायला मी येते.

आपली,
एक नेहमीची वाचक